फुलांचं माझ्याकडे

थोरलीने मागच्या खोलीचं दार ढकललं तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, आणि दाराशी सगळ्यात जवळ असलेल्या बादलीतलं एक फूल मिटलेलं होतं. एकच. पांढरं कार्नेशन. काल सकाळी बाजारातून आणलं तेव्हा चांगलं वाटीएवढं उमललेलं, आणि आता पाकळ्या आत वळवून मूठ आवळल्यासारखं बसलेलं. तिने ते उपसून उजेडात धरलं. देठ टणक होता, पानं हिरवीगार होती, पाणी पुरेसं होतं. नुसतं तोंड मिटलं होतं, बोलता बोलता माणसाने एकाएकी गप्प व्हावं तसं. असतं एखादं असं, ती मनाशी म्हणाली, आणि म्हणेपर्यंत तिची नजर मागच्या बादलीवर गेली. तिथे तीन होती. तिच्या मागच्या बादलीत मोजायला नकोत इतकी. तिने फूल परत खुपसलं, आवाज न करता बाहेर आली, दार ओढलं, टाचा उंच करून वरची कडी लावली आणि लागली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय गं?"

"काही नाही. पाणी बघत होते."

लग्न उद्या होतं, धाकट्या बहिणीचं. सकाळी नोंदणी आणि संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये दोन्हीकडची मिळून ऐंशी माणसं, बारा टेबलं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला, तिचा होणारा नवरा छापखान्यात; कुणापुढे हात पसरायचा नाही असं दोघांनी ठरवून टाकलं होतं आणि मग यादीतली एकेक गोष्ट खोडली जात होती. सजावटवाल्याने फुलांचा आकडा सांगितला तेव्हा धाकटी खो खो हसली होती. "एवढ्यात मी अजून एकदा लग्न करीन!" म्हणाली, आणि 'फुलं' या शब्दावर पेनाने रेघ मारायला लागली. थोरली समोर बसून बघत होती. ती रेघ सरळ जात नव्हती. शाळेत असताना या मुलीने कुठल्याशा कॅलेंडरचं पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं; लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या फुलांची रांग, माणूस एकही नाही. कपडे काढायला कपाट उघडलं की आधी ते टेबल दिसायचं. "फुलांचं माझ्याकडे," थोरली म्हणाली होती. तोंडातून निघून गेलं. आणि मग जे झालं ते तिने गेले सहा आठवडे रोज आठवून पाहिलं होतं. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. नवऱ्याने फोनवरून डोळे वर केले, आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. एवढंसंच. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पण थोरली अलीकडे त्या वेळातच राहायची, तिला तो पुरून उरायचा. मग धाकटी मान वर न करता म्हणाली, "बरं. सगळं तुझ्याकडे." आणि मारलेली रेघ तिने नखाने खरवडायचा प्रयत्न केला, कागद फाटेपर्यंत.

या घरात तिच्याकडे काही नव्हतं. म्हणजे सगळं होतं: घर, नवरा, पंधरा महिन्यांची टिल्ली, कॉलेजची पदवी, आरशात बघण्याजोगा चेहरा. पण काही सोपवलेलं असं नव्हतं. आई 'सहज' आली होती, अकरा महिन्यांपूर्वी, आणि सहज राहिली होती. आई खाली दुकानात निघाली की नवऱ्याचं ऑफिसला जाणं सहज उशिरा व्हायचं. दोघांनाही जमत नसलं की शेजारच्या निवृत्त नर्सबाई सहज डोकवायच्या आणि पेपर वाचत बसायच्या, स्वतःच्या घरी दोन पेपर येत असताना. कुणी काही बोलत नसे. त्या प्रकरणाला घरात नाव नव्हतं. फारच वेळ आली तर आई 'त्या वेळचं' म्हणायची आणि लगेच काहीतरी धुवायला घ्यायची. त्या वेळी टिल्ली चार महिन्यांची होती. थोरली तिला बाबागाडीत घालून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली, ड्रॉप्स घेतले, सुटे पैसे घेतले, घरी आली, किल्ली खुंटीला लावली, पंखा लावला, आणि पंख्याखाली उभी राहून आपल्या हातात काहीतरी असायला हवं होतं ते काय, हे आठवत राहिली. अकरा मिनिटं. ती धावत पोचली तेव्हा दुकानातली बाई बाबागाडीचा दांडा धरून उभी होती. तिने दांडा लगेच सोडला नाही. आधी थोरलीच्या पायांकडे पाहिलं. थोरली अनवाणी होती. त्यानंतरचे कितीतरी आठवडे ती याच मागच्या खोलीत, पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. घरातली सगळ्यात गार जागा कुठली हे तिला इतकं नेमकं ठाऊक होतं ते त्यामुळेच. फुलांसाठी खोली निवडताना तिने क्षणाचाही विचार केला नव्हता.

आणि आता फुलं त्या खोलीत तोंड फिरवून बसली होती.

बाहेरच्या खोलीत टिल्ली जमिनीवर झोपली होती, पालथी, गुडघे पोटाशी. थोरली सवयीने वाकली, श्वास मोजले, अठरापर्यंत आली आणि फुलांकडे वळली. काय केलं आपण? तिने कालचा दिवस सुरुवातीपासून घेतला. पंधरा गड्ड्या, एका गड्डीत वीस. देठ पाण्याखाली धरून तिरपे कापले, बोटभर. खालची पानं खुडली. प्रत्येक बादलीत चमचाभर साखर आणि ब्लीचचे चार थेंब. चारच? औषधाची नळी धरल्यासारखी तिने बाटली धरली होती, एक दोन तीन चार, हे तिला दिसत होतं. पण दिसतं म्हणजे झालंच असं थोडंच आहे? बाबागाडी घरात ढकलत आणलेलीही तिला त्या दिवशी दिसत होतीच की, अगदी उंबऱ्याला लागून चाक अडखळलं तेसुद्धा. मधेच एखादी बादली राहिली असेल. मधेच हात कुठेतरी थांबला असेल आणि डोकं पुढे गेलं असेल. तिने तळवे कुडत्याला पुसले. तीन वाजता धाकटी येणार, हातातला गुच्छ बांधायला. दीडचे पावणेदोन झाले होते. तेवढ्यात काही करता येईल का? मिटलेली मागे ढकलायची, उमललेली पुढे. पाकळ्या हलक्या हाताने सोडवून बघायच्या. धाकटीला सांगायचं, तू बस, मीच बांधून आणते. किती झटकन सुचत होतं सगळं! लपवायची कला घरातच शिकायला मिळाली होती, तीही जवळच्या माणसांकडून.

हात धुवायला ती न्हाणीघरात शिरली आणि जागच्या जागी थांबली. खोलीत जागा पुरली नाही म्हणून काल दोन बादल्या, ऐंशीएक फुलं, इथे ठेवल्या होत्या. तीच फुलं, तोच बाजार, तोच हात, तीच साखर. सगळी टक्क उघडी. एकही मिटलेलं नव्हतं. पाकळ्यांच्या कडा इतक्या करकरीत की बोट लावलं तर आवाज येईल. ती बादलीशी उकिडवी बसली आणि बघत राहिली. म्हणजे हात चुकला नव्हता. खोलीत काहीतरी होतं. फूलवाल्याचा आवाज तिला आता, कालपासून पहिल्यांदाच, स्पष्ट ऐकू आला. कानावर पेन्सिल खोचलेला, सतत सर्दी झालेला माणूस. गड्ड्या मोजता मोजता तो म्हणाला होता, "बाई, अंधारात ठेवा, गारव्यात ठेवा, आणि पिकल्या फळाच्या शेजारी ठेवू नका. फळ पिकताना हवेत काहीतरी सोडतं. तुम्हाला दिसायचं नाही. पण हे फूल त्याने झोपतं. आणि कार्नेशन एकदा झोपलं की उठत नाही, तुम्ही काही करा." ती हसली होती. घरात फळं कुठली, टिल्लीला कुस्करायला दोन केळी, तीही स्वयंपाकघरात.

तिने कडी काढली. या वेळी आत शिरून दार लावून घेतलं आणि तोंड मिटून नाकाने श्वास घेतला. ओला देठ, गार फरशी, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, गोड. पलंगावरून चादर जमिनीपर्यंत सोडलेली होती. या पलंगावर चादर कधीच अशी सोडलेली नसते. तिने गुडघे टेकले, चादर उचलली. खाली खोके होते, भिंतीपर्यंत सरकवलेले, सहा. तिने पहिला ओढला. केळी. पिवळीधमक, काहींवर तपकिरी ठिपके धरायला लागलेले. दुसऱ्यातही केळी. तिसऱ्यात सफरचंद. खोक्यांवर तिच्या नवऱ्याच्या अक्षरात 'हॉल, संध्याकाळ' लिहिलेलं होतं, आणि त्याखाली त्याची ती नेहमीची रेघ.

थोरली फरशीवर तशीच बसून राहिली आणि तिला हसू आलं. आवाज होऊ नये म्हणून तिने मनगट दातांत धरलं. मी नाही. बहिणीची दोनशेवीस फुलं डोळ्यादेखत मरत होती आणि तिच्या अंगभर ऊन पसरत होतं. मी नाही, मी नाही, मी विसरले नाही. मग हळूहळू ते ऊन ओसरलं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

"आई," तिने दारातून हाक मारली. "जरा इकडे ये."

आई हात पुसत आली, खोके बघितले आणि आधी हसली, पकडलेल्या मुलीसारखी. "बघितलंस होय! अगं, जावयांनी काल दुपारी आणले, तू टिल्लीला घेऊन पडली होतीस तेव्हा. गाडीवर फळं ढिगाने स्वस्त मिळत होती. कापून, छान मांडून ठेवू टेबलांवर, गोडाचा खर्च वाचला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला कशाला? आधीच एवढं फुलांचं डोक्यावर घेतलंयस. म्हटलं, त्यात अजून खोक्यांची काळजी नको. चादर सोडून झाकून ठेवलं होतं ना नीट." आईचा आवाज मऊ झाला, कुणाच्या अंगावर घोंगडी घालताना व्हायचा तसा. "तुला त्रास नको म्हणून गं."

"फुलं झोपली, आई."

"झोपली म्हणजे?"

थोरलीने एक फूल तिच्या हातात दिलं. आईने ते उलटसुलट केलं, पाकळी अंगठ्याने उलगडून पाहिली. पाकळी परत आत गेली. थोरलीने फळांचं सांगितलं. आई पलंगाच्या कडेला टेकली आणि तिचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. "मग हे तू तरी कुठे सांगितलंस आम्हाला?" ती हळूच म्हणाली. "फळं नकोत म्हणून?"

खरं होतं. काल घरी आल्या आल्या सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग नवऱ्याने आईकडे पाहिलं असतं. बादल्या आणल्यापासून ती टिल्लीसाठी वरची कडी दिवसातून वीसदा तपासत होती, तेवढंच त्यांना दिसायला पुष्कळ होतं. त्यात आता म्हणे फळं हवेत काहीतरी सोडतात आणि ते दिसत नाही! तिला त्यांचे चेहरे आधीच दिसले होते आणि तिने वाक्य गिळलं होतं. एका घरात तीन माणसं एकमेकांना जपत होती, आणि जपता जपता फुलं गेली होती.

"मी धाकटीला काही बोलत नाही," आई उठत म्हणाली. "आपण असं करू, न्हाणीघरातली आहेत ती पुढे लावू. नाहीतर म्हणू, बाजारातूनच तशी आली. तिला कळायचंसुद्धा नाही."

थोरलीने फोन उचलला. आई "अगं, थांब!" म्हणाली तोवर पलीकडून धाकटीचा आवाज आला होता, मागे रस्त्याची गडबड. "ताई, निघालेच मी, दहा मिनिटं."

"फुलं गेली," थोरली म्हणाली. "जवळजवळ सगळी. ये लवकर."

पलीकडे रस्ता वाजत राहिला. ही तीच शांतता होती का, त्या दिवशीची, भाजी निवडताना हात थांबले ती? थोरली कान लावून उभी राहिली.

"सगळी म्हणजे किती, ते सांग," धाकटी म्हणाली.

कुणी चिमटा काढावा तसं ते थोरलीला वाटलं, आणि बरं वाटलं. फोन ठेवून तिने लगेच फूलवाल्याला लावला. तो शिंकला, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "फळं ठेवलीत ना? सांगितलं होतं मी." कार्नेशन आता तीन दिवस नाही. पण पांढरी शेवंती होती, तीन खोके, कुणाचीतरी परत आलेली ऑर्डर. निम्म्यात देईन म्हणाला. "शेवंती झोपत नाही, बाई. दगड आहे. पण चारला मी शटर ओढतो."

धाकटी आली ती धापा टाकत, डोक्याला क्लिपा लावलेल्या, एक डोळा रंगवलेला आणि एक तसाच, उद्याच्या मेकअपची तालीम अर्धी टाकून. एव्हाना थोरलीने सगळ्या बादल्या ओढून बाहेरच्या खोलीत आणल्या होत्या, त्या खोलीच्या हवेपासून लांब. टिल्ली उठून आईच्या कडेवर बसली होती आणि बादल्यांकडे झेपावत होती. धाकटी बादल्यांमधून चालत गेली, एका मिटलेल्या फुलासमोर वाकली. सगळे तिच्याकडे बघत होते. "काय गं, रुसलात होय?" ती फुलाला म्हणाली. मग तिचा खालचा ओठ हलला आणि तिने तो चावला. "शेवंती किती वेळ राहते?"

"आठवडा."

"मग हनिमूनलाही नेता येईल. चला, कोण येतंय?"

"तुम्ही दोघी जा," आई चटकन म्हणाली. "ताईला बाजार माहीत आहे. मी बसते टिल्लीपाशी." ते इतकं सरावाने आलं की म्हणताना तिला कळलंही नसेल. नवरा हॉलवर खुर्च्या मोजून घेत होता. नर्सबाई गावाला गेल्या होत्या. थोरलीने बादल्यांकडे पाहिलं. अजून काही अर्धी उघडी होती. ती आत्ता निवडली, देठ पुन्हा कापले, नव्या पाण्यात घातली तर शंभरेक तरी हाती लागतील. तासाभराने नाही. आणि कुठलं फूल जगेल हे या घरात तिच्याशिवाय कुणाच्या बोटांना कळत नव्हतं.

"तू जा आई. तीन खोके एकटीला उचलवायचे नाहीत. मला ही निवडायची आहेत." ती थांबली. पुढचं वाक्य तिने अकरा महिन्यांत म्हटलं नव्हतं. "टिल्लीला ठेव इथे. मी आहे."

आईने बादल्यांकडे पाहिलं. सात बादल्या होत्या, त्यातला एक टिल्लीचा अंघोळीचा टब, फुलांसाठी घेतलेला. सगळ्या काठोकाठ, सगळ्या टिल्लीच्या छातीएवढ्या उंच. आईला काय दिसत होतं ते थोरलीला दिसत होतं. तिला ते कालपासून दिसत होतं, रोज दिसतं, आईला दिसणार नाही इतकं बारीक दिसतं: पाण्यात उपडं डोकं, दोन तळवे. आईने एक पाय चपलेत घातला होता. दुसरी चप्पल तशीच होती.

"नाहीतर टिल्लीला बरोबरच घेऊ," आई म्हणाली. "सहज, हवा लागेल."

"कडेवर टिल्ली आणि डोक्यावर शेवंती?" धाकटीने तिच्या कडेवरून टिल्लीला काढून घेतलं, सरळ थोरलीकडे दिलं आणि ओढणी सावरली. "चल गं आई, त्याचं शटर पडेल. ताई, माझा एक डोळा राहिलाय, लक्षात ठेव हं, मी विसरेन." आणि तिने आईचा दंड धरला.

दार लागलं. जिन्यावर दोघींची पावलं उतरत गेली. पहिला टप्पा. मग एकीची थांबली.

थोरली टिल्लीला छातीशी धरून उभी होती. काखेखाली छोटंसं काळीज टकटक करत होतं, की तिचंच होतं. आता वर येईल, ती मनात म्हणाली. रुमाल राहिला म्हणेल, पिशवी राहिली म्हणेल. आणि तिला भयंकर वाटलं ते हे की आईने यावं असंही तिला वाटत होतं. सात बादल्या तिच्याभोवती कडं करून उभ्या होत्या आणि टिल्ली पाण्याकडे हात लांबवून "ऊं, ऊं" करत होती. जिन्यात चप्पल फरशीवर सरकली. मग पावलं पुन्हा सुरू झाली. खाली. दुसरा टप्पा. तिसरा. फाटक वाजलं, आणि घरात थोरली आणि टिल्लीशिवाय कुणी उरलं नाही.

मग टिल्लीला खांद्यावर टाकून एका हाताने तिने टबातली मिटलेली फुलं सगळी उपसली आणि वर्तमानपत्रावर टाकली, टब मोरीत उलटा केला, कोरडा पुसला, बोट फिरवून कोपरे पाहिले. तो आणून खोलीच्या मधोमध ठेवला आणि त्यात टिल्लीला बसवलं. कडा तिच्या काखेपर्यंत आल्या. टिल्लीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि दोन्ही तळव्यांनी टब वाजवला. एका पायाने टब आपल्या गुडघ्याशी अडकवून थोरली जमिनीवर बसली, पहिली बादली जवळ ओढली आणि कात्री घेतली. हे जागं. हे झोपलेलं. हे जागं. फुलाच्या खालची हिरवी वाटी दाबून पाहिली की कळत होतं. टिल्लीने मिटलेल्यांपैकी एक उचललं आणि तर्जनी घालून ते उघडायला लागली, जीभ बाहेर काढून.

"नाही उघडत ते," थोरली म्हणाली. "ते राहू दे तसंच." आणि तोंडात जायच्या आत तिने ते काढून घेतलं.

टिल्लीने तक्रार केली नाही. ती दुसऱ्याकडे वळली. बऱ्याच वेळाने, तिसऱ्या बादलीशी, थोरलीच्या लक्षात आलं की ती मघापासून मोजत होती ते श्वास नव्हते. शहात्तर जागी होती.